रविताची लाल गाडी आणि चार माठ

आमच्या फुलचूरच्या घरापुढं रोज संध्याकाळी एक लाल गाडी येऊन थांबते, पण लगेच बंद होत नाही. चालवणारी उतरायचं सोडून आतच बसून राहते, इंजिन घुरघुरत राहतं, आणि मी ओसरीतल्या मशीनवर साडीला फॉल लावता लावता कपाळाला आठ्या घालते. चालवणारी म्हणजे माझी धाकटी जाऊ, रविता. पहिल्या वर्षी मी तिला सरळ विचारलं होतं, "काऊन वो, पेट्रोल का नळाले येते?" तर म्हणे, "दीदी, पळून आली न ती. दम घेऊन राहिली." गाडी दम घेते! मी माझ्या दिराला, हेमेंद्रला, म्हटलं की तुझी बायको शाळेतल्या पोरांच्या नादानं पार वेडी झाली. तो नुसता हसला. त्याचं पाइप आणि मोटारपंपांचं दुकान आहे, आणि बायकोपुढं आपलं काही चालत नाही हे त्यानं केव्हाच मान्य करून टाकलंय.

पण मी हे लिहायला बसले ती तिची तक्रार करायला नाही. फॉल-पिको करणाऱ्या बाईला कपड्याची उलटी बाजू आधी दिसते. वरून कुणीही छान शिवतं, उलटून पाहिलं की कळतं. रविताच्या कामाची उलटी बाजू मी पुष्कळ वर्षं पाहिली, खोट काढायच्या हेतूनंच पाहिली, आणि टाका सगळीकडं सरळ निघाला. आता हे कबूल करायला मला कसली लाज?

ती दरेकसाच्या बाजूला, जंगलातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिच्यासोबतच्या बाया पॅसेंजरनं जातात, डब्यात बसून वाल सोलतात, सुनांच्या गोष्टी करतात. ही आमगाव, सालेकसा करत रस्त्यानं जाते. सालेकशाच्या पुढं रस्ता डोंगरात शिरतो आणि वळणं घ्यायला लागतो, तो तिचा आवडता तुकडा. एकदा शाळेच्या कार्यक्रमाला मी सोबत गेले होते, सीट घट्ट धरून, देवाचं नाव घेत. पण पोटातलं पाणी हललं नाही. वळण यायच्या आधीच गाडी हळू झालेली असायची, आणि वळण संपता संपता अशी काही निघायची की माझी पाठ आपोआप सीटला टेकायची. मला आवडलं, पण तिला सांगितलं नाही. कचारगडच्या यात्रेचे दिवस होते. पुढं पायी जाणाऱ्यांची रांग लागली, तशी हिनं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि कितीतरी वेळ त्या माणसांच्या मागं मागं चालल्यासारखी नेली. हॉर्नला हात लावला नाही. मी म्हटलं, वाजव न. ती म्हणाली, "दीदी, ते देवाले जाऊन राहिले. आपन शाळेत जाऊन राहिलो. कोनाचं काम मोठं?"

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जाणकार लोक लगेच वाद घालायला येतात. एवढंच सांगते की ती बुटकी, रुंद खांद्यांची, पळण्यासाठीच बनवलेली आहे, आणि जिनं बनवली त्या कंपनीनं आपल्या देशातून केव्हाच गाशा गुंडाळला. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाकडून रवितानं ती जुनी घेतली. त्या वेळी घरात सात माणसं बसतील अशी गाडी घ्यायची बोलणी चालली होती. मधल्या सीटवर खिडकीपाशी कोण बसणार, म्हणजे मी, हेही माझ्या मनात ठरलं होतं. आणि ही घेऊन आली ही लाल डबी, जिच्यात मागं बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. माझा राग त्या दिवसापासूनचा.

तिचं हे वेड कुठून आलं ते मला फार उशिरा कळलं. रविताचे वडील बिसराम पटले हे पटाचे माणूस. आमच्याकडं धान घरात आलं की गावोगाव शंकरपट भरतो. हलक्या छकड्याला बैलांची जोडी जुंपून पळवतात, आणि लोक दुरून दुरून बघायला येतात. बिसरामभाऊंची बादल आणि तुफान ही जोडी पटासाठीच होती, तिच्या खांद्यावर कधी नांगर ठेवला नाही. अशा जोडीला परक्या हातचा घास देत नाहीत. कोण जळून काय खाऊ घालील याचा नेम नसतो. त्या घरात बैलांना चारा, पाणी, मालिश करायची परवानगी दोघांनाच होती, बिसरामभाऊंना आणि रविताला. ती खुरं तपासायची, खांदे चोळायची, पळून आले की लगेच बांधायची नाही, श्वास खाली बसेपर्यंत फिरवायची. पण पटाच्या दिवशी कासरा भावाच्या हातात. पोरीनं कासरा धरायचा नाही. ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून बघायची.

म्हणून गाडीलाही दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. ऑइल ती स्वतः आणते, स्वतः ओतते. गोंदियात मोनूभाऊंचं गॅरेज आहे, तिथं ती रविवारी जाते, जुना पंजाबी ड्रेस घालून, केस बांधून. मोनूभाऊ म्हणतात, "मैडम, आप खोलो, मैं टॉर्च पकड़ता हूँ." हेमेंद्रनं एकदा प्रेमानं गाडी पुसून ठेवली तर दिवसभर तोंड फुगवून बसली, कारण त्यानं फरशीचं फडकं वापरलं होतं. रोज सकाळी निघण्याआधी ती गाडीभोवती एक चक्कर मारते, चारही टायरांवर हात ठेवते, खाली वाकून कुठं थेंब पडलाय का बघते. तेव्हा कुठं दार उघडते.

पहिलं वर्षभर तिनं वेगासाठी काहीच केलं नाही. ब्रेक नवे केले, टायर नवे घेतले, खालचे झिजलेले रबराचे तुकडे एकेक शोधून बदलले. कुणा जुन्या गाडीवाल्याला फोन, कुणाला मेसेज, नागपूरहून पार्सल, दिल्लीहून पार्सल. मी म्हणायची, "एवढं केलं अन् दिसत तर काहीच नाही." ती म्हणायची, "दिसाचं नाही न, दीदी. लागाचं हाय." मग शॉकर झाले, मग मोठ्या घशाचा सायलेन्सर आला, इंजिनाच्या हवेचा डबा बदलला, आणि शेवटी आल्या गाडी खाली बसवणाऱ्या लाल रंगाच्या चार स्प्रिंगा. काढलेलं जुनं सामान तिनं टाकलं नाही. ग्रीस लावून बारदान्यात बांधलं, ते बारदाने मीच दाभणानं शिवून दिले, आणि सगळं गावच्या घरी, गुरांच्या रिकाम्या कोठ्यात नेऊन ठेवलं.

गाव म्हणजे आमची सासू, धनवंताबाई. तिला आम्ही माय म्हणतो. ती एकटी गावी राहते, शेती बघते आणि फुलचूरला यायचं नाव काढत नाही. लाल स्प्रिंगा लावल्यावर रविता पहिल्यांदा गावी गेली ती दिवाळीत. धानाच्या बांध्यांमधून, खाचरांमधून, घराकडं जाणारा रस्ता, मधे बैलगाड्यांनी उंच करून ठेवलेला. गाडी त्या उंचवट्यावर पोट टेकून बसली ती हलेना. कापणीच्या बाया विळे ठेवून आल्या आणि सगळ्यांनी मिळून उचलली. माय धुऱ्यावर उभी राहून बघत होती. म्हणाली, "का वो, गाभन हाय का तुही गाडी?" बाया हसून हसून खाली बसल्या. तेव्हापासून रविता गाडी डांबरी रस्त्याला उभी करून पायी घरी जायची. आणि माय त्या गाडीत कधी बसली नाही. तिचं एकच पालुपद, "शेतात चालत नाही, पटात पळत नाही, अन् धूत पुसत बसता. इकून टाका."

यंदा श्रावणात गाडीला पंधरा वर्षं होत होती. पंधरा झाली की आरटीओत तपासणी, पास झाली तर आणखी पाच वर्षं, नाही तर भंगार. रविता आधी चौकशीला गेली. तिथल्या साहेबांनी गाडी बाहेरूनच पाहिली आणि शांतपणे सांगितलं, "मॅडम, स्प्रिंग, सायलेन्सर, हवेचा डबा, सगळं कंपनीचं लावून आणा. असं पास करता येत नाही." ती घरी आली तेव्हा मीच घाबरले. ती अजिबात घाबरली नव्हती. म्हणाली, "सगळं हाय न कोठ्यात. तुमीच तर शिवलं." दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आम्ही दोघी गावी गेलो.

बारदाने जागेवर होते. तोंडाला टाकाही होता, पण माझा नाही, दुसराच, घाईचा, वाकडा. मी तेव्हाच समजले. उसवून पाहिलं तर आत मोहाची वाळलेली फुलं. एकात, दुसऱ्यात, तिसऱ्यात, सगळ्यांत फुलंच. रवितानं शेवटचं बारदान पार तळापर्यंत उपसलं. ती पडवीत आली आणि तिथंच थबकली. पडवीत रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, बायांसाठी पाण्याचे चार माठ ओळीनं भरून ठेवले होते, आणि प्रत्येक माठ एकेका काळ्या स्प्रिंगेवर असा ऐटीत बसला होता की जणू त्या स्प्रिंगा माठांसाठीच घडवल्या होत्या.

"माय," रविता म्हणाली, "ह्या माझ्या गाडीच्या होत."

"होत्या," माय म्हणाली. "आता माझ्या माठायच्या होत."

हवेचा डबा कोंबडीला अंड्यांवर बसायला दिला होता. सायलेन्सर शेतात. रानडुकरं आली की काठीनं बडवायला झाडाला टांगलाय, आवाज दोन शेतं पलीकडं जातो, असं माय कौतुकानं सांगायला लागली. तिच्या मनात पाप नव्हतं. आमच्या गावी कुणाच्याच घरात लोखंड नुसतं पडून राहत नाही, पडलेलं दिसलं की त्याला काम लावतात. तुटला नांगर कुंपणाला, सायकलचं चाक पोपटाच्या पिंजऱ्याला. बारदान्यात ग्रीस लावून निजवलेलं लोखंड तिला बघवलं नाही, एवढंच. आणि रविताला हे सुचलं नाही, कारण तिला वाटलं, शिवलेलं बारदान कोण उघडेल? तिच्या माहेरी पटाच्या सामानाला कधी कुणी हात लावला नव्हता.

"मले ते परत पायजे, माय."

"अन् बाया काय पेतीन? रोवनी चालू हाय. दोन वर्सं झाले, एक माठ नाही फुटला." मायचा आवाज चढला. "इकून टाक न एकदाची. ना वखराले, ना पटाले. असं जनावर कोन पोसते?"

मला वाटलं, आता रविता भांडणार. ती माठांपाशी खाली बसली. माझ्या इतक्या वर्षांच्या जावेला मी पहिल्यांदा असं बोलताना ऐकलं.

"पटावर बंदी आली, तवा बाबालेही सगळ्यायनं हेच म्हटलं. असे बैल कायले पोसता, इकून टाका. बाबानं इकली जोडी. घेनारा म्हने, धान वाहतीन, मजेत राहतीन. मंग एक दिवस आमगावच्या बजारात बाबाले तुफान दिसला. इटाच्या गाडीले जुपला होता. मांगचा पाय ओढून राहिला होता. त्यानं बाबाले पाहिलं अन् जागीच थांबला. गाडीवाल्यानं मारलं, तरी हालला नाही. बाबा घरी आले अन् पटाचं नाव तोंडातून काढलं नाही, मरेपर्यंत. बंदी उठली ते पाहाले राहिलेच नाही." ती थांबली. "मी तवाच ठरवलं होतं माय, माझ्या हातचं जे हाय ते दुसऱ्याच्या हाती देनार नाही. या गाडीची मुदत संपली तर लोक तिले कापून वजनावर इकतीन. पास झाली तर पाच वर्सं माझ्यापाशी राहीन. बस, एवढंच पायजे मले."

मायच्याही घरात बैल होते, ट्रॅक्टर आल्यावर तेही विकले गेले. ते कुठं गेले हे तिनं कधी विचारलं नव्हतं, आणि आम्हीही कधी तिला विचारलं नाही. ती उठली. पहिला माठ तिनं स्वतः कमरेवर घेतला, पाणी शेवग्याच्या बुडाशी ओतलं, स्प्रिंग पदरानं पुसली आणि रविताच्या पुढं धरली. "धर," एवढंच म्हणाली. मग दुसरा माठ. कोंबडीला तिनं स्वतः टोपलीत हलवलं. शेवटी आम्ही तिघी शेतात गेलो आणि ऐनाच्या झाडावरचा सायलेन्सर उतरवला. काढण्याआधी मी एक काठी मारून पाहिली. खरंच चांगला वाजत होता.

मोनूभाऊंच्या गॅरेजात रविता त्या स्प्रिंगांवरचा गंज घासत बसली तेव्हा तिला बघायला हवं होतं. एकेक वेढा ब्रशनं घासायचा, बोट फिरवून बघायचा, कुठं तडा नाही ना, मग रंग. सायलेन्सरवर काठ्यांचे एवढे खड्डे पडले होते की मी म्हटलं, गेला हा. तिनं त्यात पाणी भरलं, दोन्ही तोंडं दाबून धरली, कुठून गळतं का पाहिलं. कुठूनच नाही. हवेच्या डब्याला आतून अजून पिसं चिकटलेली होती, ती तिनं चिमट्यानं काढली. साखळीनं बांधून, दाबून, जपून स्प्रिंगा बसवल्या. मोनूभाऊ टॉर्च धरूनच उभे होते. गाडी जॅकवरून खाली उतरली आणि उंच झाली, पुन्हा जशी होती तशी.

तपासणीला मीही गेले. मला घरी बसवत नव्हतं. साहेबांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, गाडी चालवून आणली, मग खाली वाकले आणि विचारलं, "सायलेन्सरला हे काय झालंय?" रविता खोटं बोलत नाही. म्हणाली, "सर, यानं दोन वर्षं डुकरं हाकलली." साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, इंजिन चालू करायला सांगितलं आणि आवाज ऐकला. मग मोबाइलचा उजेड पाडून कितीतरी वेळ गाडीखाली बघत राहिले. शेवटी उठून हात झटकत म्हणाले, "नवीन गाड्या येतात, वरून चकचकीत, खाली बघवत नाही. ही कोण सांभाळतं?"

"मीच," रविता म्हणाली. मला इतका अभिमान वाटला की मी उगाचच पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. पाच वर्षं मिळाली.

मला वाटलं होतं, आता ही लाल स्प्रिंगा परत चढवणार. तिनं चढवल्या नाहीत. ब्रेक, टायर, शॉकर, जे दिसत नाही ते सगळं तसंच ठेवलं, आणि लाल स्प्रिंगा गावी नेऊन मायच्या माठांखाली ठेवल्या. मोठ्या घशाचा सायलेन्सर ऐनाच्या झाडाला टांगला. माय म्हणते, याचा आवाज पहिल्यासारखा नाही, डुकरं तेवढी भीत नाहीत.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे गावी जमलो. या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात, पळसाच्या पानानं हळद-लोणी लावतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. आमच्या घरी बैल नाहीत. माय दर वर्षी भिंतीवर टांगलेल्या जुन्या जुवालाच लोणी लावते आणि गपचूप आत जाते. रविता शाळेतून परस्पर येणार होती. गाडी बांध्यांमधून कुठंही न टेकता थेट अंगणात आली आणि नेहमीसारखी घुरघुरत उभी राहिली. हेमेंद्र म्हणाला, बंद कर न. माय हातात वाटी आणि पळसाची पानं घेऊन पडवीच्या पायरीवर उभी होती. म्हणाली, "राहू दे रे. दम घेऊन राहिली न ती."

आणि ती जुवाकडं गेली नाही. ती गाडीपाशी आली. रविता झटकन उतरून पुढं झाली, मला तिची सवय माहीत होती, परका हात, आणि तोही लोण्याचा, त्या लाल रंगावर! पण ती मधेच थांबली.

"हिचे खांदे कोनते वो?" मायनं विचारलं.

रवितानं आत वाकून इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि आतले दोन गोल माथे दाखवले, ज्यांच्याखाली शॉकर आणि त्या काळ्या स्प्रिंगा बसतात. "हे दोन. सारं वजन ह्यायच्यावर येते."

मायनं दोन्ही ठिकाणी पळसाच्या पानानं हळद-लोणी लावलं, सावकाश, जशी बैलाला लावायची तशी. मग हात जोडून म्हणाली, "आज आवतन घे. उद्या जेवाले ये."

रविता गाडीच्या पलीकडं तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. गाडीच्या वतीनं तीच म्हणाली, "येते, माय."

ते लोणी तिनं अजून पुसलेलं नाही.